मिळताक्षणापासून लागू

२७ फेब्रुवारी २०१८, मंगळवार, दुपारी दोन चाळीस. वेळ पाठ आहे, कारण पाकीट घेऊन आलेल्या माणसाने ह्यांच्या, म्हणजे माझ्या डॉक्टर नवऱ्याच्या, सहीशेजारी ती लिहून घेतली. करडा कोट, बुटांना चिखल, गळ्यात ओळखपत्र. मला आधी तो औषध कंपनीचाच माणूस वाटला. तसे लोक इथे अमेरिकेत दुपारी येतात, डोनट ठेवून जातात. “राज्याच्या मेडिकल बोर्डाकडून आलोय, डॉक्टरांच्या हातातच द्यायचं आहे,” म्हणाला. हे बोर्ड म्हणजे डॉक्टरांना लायसन्स देणारी आणि काढून घेणारी संस्था. मी खुर्ची दाखवली तरी बसला नाही. तेव्हाच पोटात खड्डा पडला.

हे दोन नंबरच्या खोलीत होते. समोर खाणीतून निवृत्त झालेला एक पेशंट. छत कोसळून त्याच्या पाठीचे दोन मणके चेचले गेले होते, त्याला वीस वर्षं झाली. ह्यांनी चिठ्ठीवर नाव, तारीख, औषध, गोळ्यांची संख्या सगळं लिहिलं होतं. मी दार उघडलं तेव्हा पेन सहीच्या जागी टेकलेलं होतं. पेशंटसमोर मराठी बोलायचं नाही हा ह्यांचाच नियम, अठरा वर्षं पाळलेला. मी तो मोडला. म्हटलं, “सही करू नका. आधी बाहेर या.”

अकरा पानांचा आदेश होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: हा आदेश मिळताक्षणापासून लागू. नियंत्रित औषधं लिहायची नाहीत, द्यायची नाहीत, जवळ बाळगायची नाहीत. ह्यांनी तिथेच उभ्याने पहिली तीन पानं वाचली, चष्मा काढला आणि त्या माणसाला विचारलं, “आत एक चिठ्ठी अर्धी लिहून ठेवलीय. तिचं काय?” तो म्हणाला, “दोन चाळीस वाजून गेलेत, डॉक्टर.” उद्धटपणा नव्हता त्यात. घड्याळात पाहून सांगितलं इतकंच.

आम्ही कुठे राहतो ते मोघमच सांगते. केंटकी, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्या सीमा जिथे जवळ येतात तो डोंगराळ, कोळशाचा मुलूख. जे-वन ह्या तात्पुरत्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, केलेल्या डॉक्टरांना मायदेशी परत जायचं नसेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्या अटीवर आम्ही आलो आणि तिथलेच झालो. मी मिरजेची, शिक्षण बी.कॉम. दवाखान्याचं बिलिंग, फोन, फायली, नोकरांचे पगार, सगळं माझ्याकडे. डॉक्टरकीचं ज्ञान ऐकीव. पण काउंटरवर अठरा वर्षं बसलं की ऐकीवही बरंच साचतं.

आदेशाबद्दल लोकांचे दोन गैरसमज होतात, आमच्या नातेवाइकांचेही झाले. एक, डॉक्टरकीच गेली. तसं नव्हतं. ह्यांचं लायसन्स शाबूत होतं. रक्तदाब, मधुमेह, न्यूमोनिया, टाके घालणं, सगळं चालू. थांबली होती ती फक्त नियंत्रित औषधं. दुसरा गैरसमज, ही औषधं म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. आदेश निघाला त्यांच्यामुळेच, पण यादी लांबलचक आहे. १९७० च्या कायद्याने केलेले पाच वर्ग. दुसऱ्या वर्गात ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन, पण शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाची, लक्ष लागावं म्हणून दिलेली, अ‍ॅडरॉलही तिथेच. तिसऱ्यात टेस्टोस्टेरॉन. चौथ्यात घबराटीवरची झॅनॅक्स, झोपेची अँबियन, ट्रामाडोल, आणि फिट्स येणाऱ्यांची जुनी फेनोबार्बिटॉल. पाचव्यात नसांच्या दुखण्यावरची लिरिका आणि जुलाबावरची लोमोटिलसुद्धा. त्या दुपारी दोन चाळीसला हे सगळंच बंद झालं.

यांतलं काही लिहायचं तर डीईएचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अंमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचा, नंबर लागतो. दोन अक्षरं, सात आकडे. तेव्हा तीन वर्षांचे ७३१ डॉलर भरायचो. ह्यांचा नंबर मला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा जास्त पाठ होता, कारण औषधाच्या दुकानांतून दिवसातून दहादा विचारत. त्या नंबरात एक गंमत असते. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवायचे. दुसरा, चौथा, सहावा मिळवून त्याची दुप्पट त्यात घालायची. येणाऱ्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे सातवा आकडा. खोटी चिठ्ठी अशी काउंटरवरच पकडता येते. नंबर केंद्राचा असला तरी तो उभा असतो राज्याने दिलेल्या परवानगीवर. राज्याने हात काढून घेतला की केंद्राचाही निव्वळ कागद उरतो. आमच्या वकीलबाईंनी पहिल्या फोनवर हेच सांगितलं, आणि डीईएवाले आठवडाभरात येतील असंही. सहाव्या दिवशी आले.

पण आधी मंगळवार संध्याकाळ.

खाणवाल्याला काय सांगायचं हे ठरवायला ह्यांना दहा मिनिटं लागली. तो ऑक्सिकोडोनच्या ३० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज घेत होता. मॉर्फिनच्या हिशेबात १८० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत ९० च्या वर जाणं टाळा असं म्हटलं होतं. हा दुप्पट. आदेशात तो ‘पेशंट सी’ होता. बोर्डाने बारा जणांच्या फायली तपासल्या होत्या, ए पासून एल पर्यंत. ह्यांनी त्याला खरं ते सांगितलं. त्याने टोपी डोक्यावर चढवली, म्हणाला, “माझ्याकडे उद्या रात्रीपर्यंतच्या आहेत.” आणि माझ्याकडे वळून, “मॅम, पुढची तारीख देणार का?” मी दिली. काय म्हणून दिली ते आजही कळलेलं नाही.

दवाखाना बंद करून आमची नर्स आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. तिला इथे बेथ म्हणते. कॉम्प्युटरमधून यादी काढली: नियंत्रित औषधावर असलेले पेशंट १८६. प्रत्येकाची शेवटची चिठ्ठी कधीची, गोळ्या किती, संपणार कधी. दुसऱ्या वर्गाच्या औषधांना रिफिल नसतात, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही, दर वेळी नवी चिठ्ठी, त्यामुळे महिन्याच्या महिन्याला सगळे परत येणारच होते. बेथ गोळ्या संपण्याच्या तारखांनुसार लावत होती. हे मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “असं नाही. आधी फिट्सवाली बाई. मग झॅनॅक्सवाले. मग बाकीचे.”

मी विचारलं, का? तेव्हा कळलं. अफूच्या गोळ्या एकदम तुटल्या की माणसाचे हाल कुत्रं खात नाही: घाम, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. पण धडधाकट माणूस त्यातून सहसा जिवाने जातो असं नाही. झॅनॅक्ससारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते, आणि तीत माणूस जाऊ शकतो. अफूवाल्याचा धोका पुढे असतो. दोन-तीन आठवडे गोळी मिळाली नाही की शरीराची सवय उतरते, मग कुठूनतरी मिळालेला जुनाच डोस त्याला झेपत नाही. आणि तो ‘कुठूनतरी’ मिळालेला माल आमच्या भागात २०१८ साली बहुधा फेंटानिल, म्हणजे मॉर्फिनच्या कितीतरी पट जहाल औषध, मिसळलेला असायचा. आदल्या वर्षी देशात ७०,००० वर माणसं औषधांच्या अतिसेवनाने गेली होती. आमच्या डोंगरांतल्या प्रत्येक चर्चच्या स्मशानात त्यांतली कोणीतरी आहेत.

नॅलॉक्सोन नियंत्रित नाही. नाकात मारायचा फवारा, बंद पडत चाललेला श्वास परत आणतो. ते लिहायला ह्यांना मनाई नव्हती. त्या आठवड्यात ह्यांनी ६१ जणांना नॅलॉक्सोन लिहून दिलं, सोबत घाम-धडधड कमी करायला क्लोनिडीन, उलटी थांबवायची गोळी, जुलाब थांबवायची साधी गोळी. बारा फायली तपासणाऱ्या डॉक्टरांनी अहवालात लिहिलं होतं: एकाही पेशंटला नॅलॉक्सोन दिलेलं आढळलं नाही. बेथ ते वाचून म्हणाली, “आता देतोय ना.” हे काही बोलले नाहीत. जे आठवड्यात ६१ वेळा लिहिता आलं ते आधी का लिहिलं नाही, याला उत्तर नव्हतंच.

बुधवारी सकाळी सात वाजल्यापासून मी फोनवर बसले. आसपासच्या तीन काउंटींतले सगळे दवाखाने. वाक्य ठरलेलं: “नियंत्रित औषधांवरचे नवे पेशंट आम्ही घेत नाही.” काही ठिकाणी मी ह्यांचं नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता व्हायची, बातमी आमच्या आधी पोचलेली. वेदनेवर उपचार करणाऱ्या खास क्लिनिकची तारीख दहा आठवड्यांनंतरची. व्यसनमुक्तीवर ब्युप्रेनॉर्फिन देणाऱ्या डॉक्टरांना तेव्हा वेगळी परवानगी लागायची, आणि पहिल्या वर्षी ३० पेशंट, पुढे बहुतेकांना १०० अशी मर्यादा. जवळच्याचे शंभर भरलेले. गंमत बघा, हेच औषध वेदनेसाठी नव्हे तर व्यसनासाठी लिहायचं तर जास्त परवानगी. ती वेगळी परवानगी पुढे डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. आमच्या काही कामाची नव्हती.

चाळीस मैलांवरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने मात्र फोन स्वतः घेतला. म्हणाला, “किती आहेत?” मी म्हटलं, १८६. तो हसला. “अकरा पाठवा. सगळ्यात वाईट अकरा पाठवा.” फिट्सवाली बाई आणि झॅनॅक्सचे दहा जण त्याच दिवशी गेले. त्याचं नाव लिहावंसं वाटतं, पण त्याला आवडणार नाही.

दुपारपर्यंत औषधांच्या दुकानांतून फोन सुरू झाले. मंगळवारी सकाळी लिहिलेल्या, दोन चाळीसच्या आधीच्या चिठ्ठ्याही ते देईनात. चिठ्ठी खरी असेल, पण देणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी असते असं त्यांचं म्हणणं, आणि कायदाही तसंच म्हणतो. पेशंट काउंटरवर उभे, रागावलेले, काही रडणारे. एका बाईने मला विचारलं, “डॉक्टरांनी चूक केली तर शिक्षा मला का?” मी तिला पाण्याचा ग्लास दिला. मुलाच्या अ‍ॅडरॉलसाठी आलेली आई मात्र ओरडली नाही, फक्त म्हणाली, “त्याची वार्षिक परीक्षा आहे.” तिच्यासाठी बेथने मुलांच्या डॉक्टरकडे अठरा दिवसांनंतरची वेळ मिळवली.

अकरा पानांत ह्या १८६ माणसांविषयी एकही ओळ नव्हती. पेशंट ए ते एल यांच्याविषयी होतं, पण त्यांनी उद्या सकाळी कुठे जायचं याविषयी नव्हतं. सार्वजनिक आरोग्याला तातडीचा धोका म्हणून आदेश काढायचा, तर त्या धोक्याच्या टोकाला बसलेल्यांची यादी आदेशासोबतच कोणाच्या तरी हातात द्यायला नको का? फायली साडेतीन महिने तपासणीत होत्या, मग तातडी मंगळवारी कशी उगवली, हेही मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तातडी सापडल्यापासून मोजतात.” पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, इशारा काढला, की वर्षानुवर्षं अफूवर्गीय गोळ्या घेणाऱ्यांच्या एकदम तोडू नका, वेदना उसळतात, आत्महत्येचे विचार येतात. मी ते छापून फ्रिजवर लावलं. ह्यांनी काढून टाकलं.

आता दुसरी बाजू, कारण ही काही ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशी गोष्ट नाही.

ह्यांना वेदनेला नाही म्हणता येत नाही. १९९४ मध्ये माझे सासरे तोंडाच्या कॅन्सरने गेले, मिरजेत, घरी. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्याकडे मॉर्फिन मिळणं इतकं कटकटीचं झालं होतं, की डॉक्टर असलेल्या मुलालाही बापासाठी मिळवता आलं नाही. शेवटचे बावीस दिवस त्या घरात जे ऐकू आलं ते मीही ऐकलंय, नवी सून होते. मग अमेरिकेत आलो, तर इथे कंपन्यांची माणसं सांगत होती, वेदना हा नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्यासारखा मोजायचा पाचवा ‘व्हायटल साइन’ आहे, ह्या गोळ्यांचं व्यसन क्वचितच लागतं. ह्यांना ते ऐकायचंच होतं. हे समर्थन म्हणून सांगत नाही. बापाचं दुःख वेगळं आणि महिन्याला ९० गोळ्या लिहून फाईल न उघडणं वेगळं.

आणि फाईल उघडली जात नव्हती. दिवसाला चाळीस पेशंट. राज्याच्या संगणकावर पेशंटने आणखी कुठून गोळ्या घेतल्यात का ते बघायचं असतं. ते काम बेथवर, आणि बेथ आजारी असली तर कोणावरच नाही. अहवालात हे सगळं होतं. झॅनॅक्स आणि हायड्रोकोडोन एकत्र, एफडीएने ऑगस्ट २०१६ मध्ये काळ्या चौकटीतली धोक्याची सूचना देऊनही, बारांपैकी सात जणांना. एमआरआय अकरा वर्षांपूर्वीचा. तीन फायलींत तपासणीची नोंद शब्दशः तीच, महिन्यामागून महिना, नुसती तारीख बदललेली. वाचताना मला लाज वाटत होती. नोंदी माझ्या नव्हत्या, पण त्यांची बिलं मी पाठवली होती.

‘पेशंट एच’ नव्वद मिनिटं गाडी चालवून यायचा, वाटेत चार दवाखाने सोडून. रोख पैसे. दर सहा महिन्यांनी गाडी नवी. मी ह्यांना म्हटलं होतं, हा गोळ्या खात नाही, विकतो. हे म्हणाले, “पुरावा आहे का? नसेल तर माणसाच्या दुखण्यावर शंका घेऊ नको.” आदेशाच्या आठव्या पानावर पुरावा होता. १२ ऑक्टोबर २०१७ चा लघवीचा रिपोर्ट: हायड्रोकोडोन आढळलं नाही. लिहून दिलेलं औषध अंगात नसेल तर ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात गेलेलं असतं. रिपोर्टवर ह्यांची आद्याक्षरं. त्यानंतरही दोन चिठ्ठ्या, ९०-९० गोळ्यांच्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. बाकीच्या सगळ्या आरोपांवर वकीलबाईंकडे काहीतरी उत्तर होतं. ह्यावर त्या म्हणाल्या, “इथे आपण गप्प बसायचं.”

आदेश निघाल्यानंतरही पेशंट एच दोनदा आला. बंदी कळली तेव्हा जरासा हसला आणि गेला. १८६ जणांत सगळ्यात कमी त्रास त्यालाच झाला.

तातडीच्या आदेशाविरुद्ध तातडीची सुनावणी मागता येते, ती कामकाजाच्या दहा दिवसांत होते. ह्यांनी हट्टाने मागितली. एक सुनावणी अधिकारी, एक लघुलेखक, बोर्डाचा वकील, पाण्याचा जग. प्रश्न एकच होता: हा आदेश काढण्याइतका तातडीचा धोका होता असं मानायला पुरेसा पुरावा आहे का? ह्यांनी अठरा वर्षांच्या सेवेविषयी सांगायला सुरुवात केली. अधिकाऱ्याने नम्रपणे थांबवलं. दोन तासांत संपलं. चार दिवसांनी निकाल: आदेश कायम.

डीईएच्या दोघांचं सांगायचं राहिलं. एक बाई, एक तरुण. दोघंही फार सभ्य. औषधांचं कपाट उघडायला लावलं, होतं नव्हतं ते मोजलं, वह्या पाहिल्या. मग टेबलावर एक कागद सरकवला: नंबर स्वेच्छेने परत करण्याचा फॉर्म १०४. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मी दोनदा वाचला. वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं, की एकदा सही केली की पुढे जन्मभर प्रत्येक अर्जात ‘कधी नंबर परत केला होता का’ ह्या प्रश्नाला होय लिहावं लागेल. ह्यांनी सांगितलं, वकिलांशी बोलून कळवतो. बाई म्हणाल्या, ठीक आहे, आणि जाताना बेथच्या टेबलावरचं फूल छान आहे म्हणाल्या. अखेर नोव्हेंबरात बोर्डाशी तडजोड झाली तेव्हा त्या फॉर्मवर सही करावी लागलीच.

मधले महिने भराभर सांगते. डॉक्टरांवरच्या कारवायांची राष्ट्रीय नोंदवही असते, त्यात नोंद झाली. एकामागून एक विमा कंपन्यांची पत्रं आली, सगळ्यांत तीच दोन वाक्यं. हॉस्पिटलने खुलासा मागवला. उत्पन्न निम्म्यावर आलं. स्थानिक पेपरात नाव छापून आलं, फोटो पाच वर्षांपूर्वीच्या रक्तदान शिबिरातला. तीन तासांवरच्या गावात आमचा गणपती असतो. तिथे त्या वर्षी मोदक मीच केले, नेहमीसारखे एकशे एक, आणि कोणीही काही विचारलं नाही. इतकं ठरवून न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड गेलं. मिरजेत सासूबाईंना शिकागोच्या कोणीतरी सांगितलं होतं. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, “त्याच्या वडलांना असा डॉक्टर मिळाला असता तर.” मी फोन ह्यांना दिला नाही.

खाणवाला त्याला दिलेल्या तारखेला आलाच नाही. फोन केला तर मुलीने उचलला. म्हणाली, पहिले पाच दिवस बाथरूमच्या फरशीवर होते. त्यानंतर दीड तासावरच्या मेथाडोन क्लिनिकमध्ये, म्हणजे अफूच्या व्यसनावर रोजचा डोस देणाऱ्या दवाखान्यात, ती त्यांना रोज पहाटे न्यायला लागली होती, आपली नोकरी सांभाळून. जूनमध्ये वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये दिसला. अंगाने निम्मा झाला होता. मी हात केला. त्यानेही केला, आणि गाडीकडे चालायला लागला. १८६ पैकी नऊ जणांचा पुढे काहीच पत्ता लागला नाही. बेथने तीन वेळा पत्रं पाठवली, दोन परत आली. त्या नऊ नावांसमोर माझ्या यादीत अजून प्रश्नचिन्ह आहे.

तडजोडीच्या अटींत एक होती: नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठात नियंत्रित औषधं लिहिण्याविषयीचा तीन दिवसांचा कोर्स. देशभरातले असेच अडकलेले डॉक्टर तिथे येतात. हे जानेवारी २०१९ मध्ये गेले. जाताना बॅग मी भरली, इडलीचं पीठ मात्र देता येत नाही याची चुटपुट. पहिल्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या रात्री अकरा वाजता आला.

एकेकाला आपापली एक केस उभं राहून सांगायला लावतात म्हणाले. ह्यांनी पेशंट एच सांगितला. शिकवणाऱ्याने विचारलं, रिपोर्ट आला त्या दिवशी तुमच्यापर्यंत तो कसा पोचला, पायरी-पायरीने सांगा. ह्यांना सांगता येईना.

“तो कागद कसा आला होता गं?”

“फॅक्सने. गुरुवारी दुपारी.”

“मग?”

मग मी तो मशीनमधून काढला. वाचला. आमच्याकडे रिपोर्ट मी वाचायचे नाहीत, पण नाव दिसलं म्हणून वाचला. १२ ऑक्टोबर. दिवाळी १९ ला होती. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, मी म्हणत होते आठ दिवस दवाखाना बंद करून जाऊ, हे म्हणत होते पेशंट कुठे जातील. त्यावरून आमचा अबोला चालला होता, नववा दिवस. “पुरावा आहे का” म्हणणाऱ्या माणसाचा पुरावा माझ्या हातात होता. मी तो ‘सही झाली की फाईल’ असं लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला, बाकीच्या तीस-पस्तीस कागदांच्या मधोमध.

“मग ट्रेमध्ये ठेवला,” मी म्हटलं.

“तू वाचला होतास?”

“हो.”

पलीकडे हॉटेलच्या हीटरचा आवाज येत होता. बराच वेळ तोच येत राहिला. मग हे म्हणाले, “उद्या सकाळी आठला परत सांगायचंय मला,” आणि थोड्या वेळाने, “मागचं दार लावलंस ना?”

मी उठून बघून आले. लावलेलं होतं.